'शंभर टक्के रिकव्हरी': साडेआठ हजार आणि अर्धे फोटो

आमच्या लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेळ अमावास्या करतात. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी घरांना कुलपं आणि सगळं गाव रानात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, भज्जी, उंडे, आंबील. ३० डिसेंबर २०२४ ला, सोमवारी, येळवस होती. औसा रस्त्याकडच्या आमच्या शेतात मी कॅमेरा घेऊन गेलो आणि दिवसभरात ३४० फोटो काढले. त्यातला एक अण्णांचा. कोपीला टेकून बसलेत, फेटा एका बाजूला कललेला, दोन्ही हातांत आंबिलीचा तांब्या, आणि कॅमेऱ्याकडं नाही तर हरभऱ्याकडं बघतायत.

मार्चमध्ये अण्णा गेले. फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डातच होते. रोज म्हणायचो, रविवारी बसून लॅपटॉपवर घेऊ. असे चार महिने गेले. ही चूक माझी, दुकानदाराची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मेच्या सुट्टीत भाचा आला. वय अकरा. त्याला शेळ्यांचे फोटो काढायचे होते. जागा कमी पडेल म्हणून त्यानं मेनूत जाऊन कार्डावरचे सगळे फोटो पुसून टाकले आणि मग शेळ्यांचे अकरा फोटो काढले. वास्तविक कार्ड ३२ जीबीचं, निम्मंही भरलेलं नव्हतं. "मामा, आता लई जागा झाली," असं त्यानं मला आनंदानं सांगितलं. मी त्याला रागावलो नाही. कार्ड काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्या दिवसभरात अक्कल वापरून केलेलं काम तेवढं एकच, कारण पुसलेल्या कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नसतो.

पुसलेले फोटो परत काढून देणारं कुणी आहे का, ते रात्री मोबाइलवर शोधलं. पहिलाच नंबर लावला. पलीकडचा हिंदीत म्हणाला, कार्ड लॅपटॉपला लावा, एक ॲप टाका, मी इथूनच बघून देतो. ॲप स्क्रीन दाखवणारं होतं, म्हणजे माझा लॅपटॉप त्याच्या हातात. बायकोनं माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. त्या सापळ्यातून वाचलो याच समाधानात दुसऱ्या दिवशी मी लातूरला गेलो आणि स्वतःच्या पायानं दुसऱ्यात शिरलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही. काचेवर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के डेटा रिकव्हरी' लिहिलेलं. काउंटरवरचा माणूस तिशीचा, बोलायला गोड. कार्ड हातात घेऊन त्यानं उजेडात असं धरलं, जसं डॉक्टर एक्स-रे धरतात. आता आठवलं की हसू येतं, कार्डाला वरून बघून काय कळणार?

"सर, फॉरमॅट झालंय?"

"नाही, डिलीट ऑल."

"अवघड आहे. पण टेन्शन घेऊ नका. आमची पुण्याला लॅब आहे, तिथं कुरिअर करावं लागेल. चेकिंगचे पाचशे. डेटा दिसला तरच पुढचं बोलू."

पाचशे दिले. पावती मागितली तर त्यानं एका चिठ्ठीवर 'कार्ड १' असं लिहून दिलं. मीही ती घडी करून पाकिटात ठेवली, जसं काही स्टॅम्पपेपरच.

चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. कुणाच्या तरी कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा, त्यावर ओळीनं बारीक बारीक चित्रं. बोटांनी मोठं करून बघितलं. तिसऱ्या ओळीत कलता फेटा होता. तो दिसला आणि माझा सगळा हिशोब तिथंच संपला. त्यानं सहा हजार सांगितले, मी दोन मिनिटांत यूपीआयनं पाठवले. पैसे दुकानाच्या नावावर नाही, कुणा बाईच्या नावावर गेले, हे दिसत होतं तरी दिसलं नाही. दोन दिवसांनी परत फोन, "सर, कार्डाचा कंट्रोलर लॉक निघाला, डिक्रिप्ट करायला दोन हजार अजून." तेही दिले. एकदा फेटा बघितल्यावर माणूस नाही कसा म्हणणार?

आठवड्यानं पेनड्राइव्ह आणि कार्ड मिळालं. "एक हजाराच्या वर फाइली काढल्यात सर, तुमच्या नशिबानं." घरी येऊन उघडलं. सुरुवातीलाच अकरा शेळ्या, एकदम स्वच्छ. त्या तर कधी पुसल्याच नव्हत्या! मग गेल्या दोन-तीन वर्षांतले कधीचेच लग्ना-बारशाचे फोटो. येळवशीच्या फोटोंची बाहेरून सगळी बारीक चित्रं दिसत होती, पण उघडलं की वरचा भाग फोटो आणि खाली सपाट राखाडी रंग. काही तर उघडतच नव्हते.

आमच्या शाळेत संगणकाचं बघणारे एक सर आहेत. त्यांच्याकडं कार्ड आणि पेनड्राइव्ह दोन्ही नेलं. त्यांनी आधी कार्डाच्या डाव्या कडेची बारीक कळ खाली सरकवली, म्हणजे कार्डावर काही लिहिलं जाऊ नये. मग कार्ड रीडरला लावलं आणि हसायला लागले. कार्डावर 'रिकप-डिर' नावाची तीन फोल्डरं होती, एक, दोन, तीन. आतल्या फाइलींची नावं 'एफ' आणि पुढं आकडेच आकडे.

"हे फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर आहे," ते म्हणाले. "फुकट मिळतं. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसानं लिहिलंय, जगभर वापरतात. सापडलेल्या फाइली ते अशाच नावाच्या फोल्डरात टाकतं, एकेका फोल्डरात पाचशे." मग त्यांनी फोल्डरची तारीख आणि वेळ दाखवली. मी कार्ड दिलं त्याच संध्याकाळची, सात चाळीसची. पुण्याची लॅब, कुरिअर, कंट्रोलरचं लॉक, सगळं त्या एका वेळेत उघडं पडलं. माझं कार्ड लातूरच्या बाहेर गेलंच नव्हतं.

पण पैशापेक्षा वाईट गोष्ट पुढं होती. त्यांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत असं. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं पीक कापलं जात नाही. कॅमेऱ्यात फोटो पुसला की कार्डाच्या यादीत त्या नावाच्या पहिल्या अक्षरावर खूण होते आणि ती जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. फोटो तिथंच उभा असतो. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तो शोधता येतो, कारण फोटोरेकसारखी सॉफ्टवेअरं यादी बघत नाहीत, जेपेग फाइलीची सुरुवात ज्या ठरावीक खुणेनं होते ती खूण कार्डभर शोधत जातात. नावं मात्र गेलेलीच असतात, म्हणून ते आकडे. मग या दुकानदारानं काय केलं? शोधलेले फोटो लॅपटॉपवर न ठेवता त्याच कार्डावर ठेवले. म्हणजे उभ्या पिकात नांगर घातला. एक फोटो वाचवताना दुसऱ्याच्या अंगावर लिहिला. सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर ठेवा, त्याच कार्डावर नको, असं ते सॉफ्टवेअर बनवणारेच बजावतात. वाचायला कुणाला वेळ आहे?

आणि ती बारीक चित्रं? फोटोच्या फाइलीत सुरुवातीलाच त्याचं टपालतिकिटाएवढं चित्र वेगळं ठेवलेलं असतं. मागचा फोटो फाटला तरी ते शाबूत राहू शकतं. म्हणून कुणी बारीक चित्रांचा स्क्रीनशॉट पाठवून पैसे मागितले तर त्यातले तुमच्या पसंतीचे चार-पाच फोटो पूर्ण आकारात उघडून दाखवायला लावा, तुमच्या समोर, आणि झूम करून बघा. मी तेवढं म्हणालो असतो तर तिथंच कळलं असतं. कदाचित पैसे तरी वाचले असते.

सरांनी मग आधी सबंध कार्डाची हुबेहूब नक्कल एका फाइलीत करून घेतली आणि सगळं काम त्या नकलेवर केलं. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधले आणि नकलेतून निघालेले मिळून ३४० पैकी १६३ फोटो सबंध आहेत. खर्च शून्य. मी त्यांना एक पोतं हरभरा देऊ केला, त्यांनी पाच किलोच घेतला.

अवघड कामाचे पैसे घेणारे खरे लोक आहेत, हेही सांगायला हवं. कार्ड मोडलं, कॉम्प्युटरला दिसेनाच, तर फुकटचं सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही, तिथं कारागीर लागतो आणि त्याला हजारो रुपये मोजावे लागतात. एवढंच काय, नुसतं सॉफ्टवेअर चालवून दिल्याचे पाचशे-सातशे कुणी सरळ मागितले असते तरी मी खुशीनं दिले असते. मला राग आला तो पुण्याच्या थापेचा.

वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, खोटं सांगून पैसे काढले तर ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे जुनं चारशेवीस. ग्राहक म्हणून १९१५ या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. स्क्रीन दाखवायला सांगणाऱ्यानं खात्यातून पैसे उडवले असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन. "पण बिल कुठाय?" त्यानं विचारलं. मी पाकिटातून 'कार्ड १' काढून दाखवलं. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपचे मेसेज होते, तेवढाच आधार.

ते सगळं घेऊन मी एकटाच दुकानात गेलो. आवाज चढवला नाही. लॅपटॉपवर फोल्डरची तारीख उघडून त्याच्यासमोर ठेवली, सात चाळीस. काउंटरवर आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यानं मला बाजूला घेतलं, गल्ल्यातून दोन हजार काढले.

"लॉकचे परत घ्या सर. बाकीचं मेहनतीचं आहे. आणि बाहेर कुठं बोलू नका."

अण्णांच्या फोटोत फेटा आहे, चेहरा आहे, छातीपर्यंत सगळं आहे. तांब्या आणि हात राखाडीत गेले. मी नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.