तीन सॉफ्टवेअर जोडल्यानंतरचे नऊ महिने : सोसायटीच्या खजिनदाराचा अनुभव

मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत ६४ फ्लॅट आहेत. एप्रिलपासून मेंटेनन्सचं बिल एका ॲपमधून निघतं, हिशोब टॅलीत असतो आणि गेटवरच्या नोंदी तिसऱ्या ॲपमध्ये होतात. ही तिन्ही एकमेकांना जोडलेली आहेत. खजिनदार म्हणून हे रोज माझ्या हाताखालून जातं.

विकणाऱ्याने दाखवलं तेव्हा जोडणी अर्ध्या तासाची वाटली होती. आमचे तीन महिने गेले, आणि तेही फ्लॅट नंबरांपायी. बिलाच्या ॲपमध्ये ‘बी-२०३’, गेटवर ‘२०३ बी विंग’, आणि टॅलीत लेजर, म्हणजे खातं, मालकाच्या नावाने, त्यातही काही नावं फ्लॅट विकून गेलेल्यांची. आपल्याला ते एकच घर, सॉफ्टवेअरला तीन. शेवटी सभासद नोंदवही घेऊन दोन रविवार बसलो, प्रत्येक फ्लॅटला एकच क्रमांक ठरवला आणि तिन्हीकडे तोच टाकला. हे काम जोडणीच्या आधी करायला हवं होतं.

मे महिन्यातला प्रसंग मात्र मनातून जात नाही. ए विंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका भर दुपारच्या उन्हात पासबुक घेऊन खाली आल्या. ‘‘पैसे तर मी पाच तारखेलाच टाकले ना भाऊ, मग हे व्याज कायचं लावून राहिले?’’ बिलावर थकबाकी होती आणि त्यावर २१ टक्के दराने व्याज. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, तो कमाल दर होता, पण काकूंनी पैसे वेळेवर भरले होते. कधी कोणाचं देणं न ठेवलेल्या बाईंना थकबाकीदार ठरवलं, याचं फार वाईट वाटलं.

कारण सापडायला चार दिवस लागले. बँकेचं स्टेटमेंट आम्ही एक्सेलमध्ये उघडून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह करत होतो. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. एक्सेल तो आखडून ‘४.१२ई+११’ अशा धाटणीत दाखवतं आणि सीएसव्हीत तसाच उतरवतं. मागचे अंक गेले की जवळपासच्या वेळी आलेले व्यवहार सारखेच दिसतात, आणि ॲप ते दुबार समजून गाळतं. काकूंचे पैसे असे गाळले गेले होते. व्याज रद्द केलं, दुरुस्त बिल घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेलो.

त्यानंतर बँकेकडून प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक घेतला. त्यावर पैसे आले की कोणत्या घराचे ते विचारावं लागत नाही. ५१ घरं आता तसेच भरतात. माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच. चेक अजून हातानेच चढवतो.

दोन ठिकाणी मी जोडणी मुद्दाम सैल केली. गेटच्या ॲपमध्ये ‘भाडेकरू’ नोंद झाली की बिलात बिनभोगवटा शुल्क आपोआप लागत होतं. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचं हे शुल्क, सेवा शुल्काच्या १० टक्के. एका फ्लॅटमध्ये मालकाची विवाहित मुलगी राहते. तिला उपविधींप्रमाणे हे शुल्क लागत नाही, तरी लागलं. आता गेटवरची नोंद फक्त सूचना म्हणून येते, निर्णय समिती घेते. दुसरं जास्त गंभीर होतं: बाकी असलेल्या घरासमोर चौकीदाराच्या स्क्रीनवर लाल खूण दिसायची. कोणाकडे किती थकलंय हे गेटवर कशाला कळावं? एक डेटा सगळीकडे दिसला म्हणजे सोय झाली, असं मला वाटत नाही. कंपनीने ती खूण काढायला तीन आठवडे आणि सात ई-मेल घेतले.

बाकी बिलं वेळेवर निघतात, पावत्या लगेच जातात, आणि ऑडिटसाठी जुलैत फायली शोधत बसावं लागलं नाही.

एप्रिलमध्ये करार संपतो. पुढे चालू ठेवा असंच मी समितीला सांगणार आहे, पण एक अट लिहून घेऊन: सोसायटीने मागितला की सगळा डेटा, जुन्या नोंदींसकट, सात दिवसांत आणि पैसे न घेता परत द्यायचा. मसुदा कंपनीला पाठवला आहे, उत्तर अजून आलेलं नाही.