‘शंभर टक्के प्रॅक्टिकल’ म्हणून ३८,००० भरले

आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड पास झालो आणि बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचं वायरिंग-स्कॅनिंग जमावं म्हणून पिंपरी-चिंचवडच्या एका खासगी क्लासला ३८,००० रुपये भरले. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. कोर्स तीन महिन्यांचा, ‘शंभर टक्के प्रॅक्टिकल’.

बॅचमध्ये आम्ही ४२ जण, गाडीतले फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर एक, तोही सरांच्या हातात. शेडमध्ये जुनी हॅचबॅक होती, तिला बॅटरीच नव्हती. स्कॅनर जिथे लावतात त्या ओबीडी सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचा सप्लाय नसेल तर नुसता स्कॅनर लावून काय वाचणार? मग कोड प्रोजेक्टरवर दाखवायचे, आम्ही वहीत उतरवायचे. सेन्सरचा सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप कपाटात होता. त्याचं कुलूप शेवटपर्यंत निघालं नाही.

पैशापेक्षा मोठं नुकसान चुकीच्या शिकवण्यानं केलं. पी०३३५ हा फॉल्ट कोड आला की क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) बदला, एवढंच डोक्यात भरलं. पुढे साताऱ्यात गॅरेजला लागलो. चालता चालता बंद पडणारी गाडी आली, कोड तोच. मी सेन्सर बदलायला लावला. गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात. उस्तादांनी हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) टेप सोलली, तर एक वायर ब्रॅकेटला घासून तांबं उघडं पडलेलं. कोड सर्किटचा आहे, पार्ट खराब आहे असं तो सांगत नाही, हे तीन महिन्यांत कुणी बोललं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी बॅटरीची केबल सोडली, मीटर माझ्या हातात दिला आणि ओबीडी सॉकेटच्या ६ व १४ नंबरच्या पिनांमधले ओहम मोजायला लावले. ६० आले, म्हणजे ठीक. १२० आले असते तर कॅन लाइनच्या (गाडीतले कंप्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरींच्या) एका टोकाचा रेझिस्टर सुटला असं समजायचं, म्हणाले.

क्लासच्या सर्टिफिकेटवर एनसीव्हीटीचं (व्यावसायिक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचं) नाव नाही, पावतीवर ‘देणगी’ लिहिलंय. पैसे परत मागितले तर फॉर्मवरची बारीक अक्षरातली ओळ दाखवली. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केलीय, अजून हातात काही नाही.

पोरांनो, कुठेही प्रवेश घेण्याआधी चालू बॅचच्या वेळी न सांगता जा. गाडी स्टार्ट करायला लावा. सरांना एखाद्या सेन्सरचं कनेक्टर काढायला सांगा आणि फॉल्ट तिथल्या शिकणाऱ्या पोराला शोधू द्या. ‘डेमो नंतर दाखवू, आधी सीट बुक करा’ म्हणाले तर तिथून निघा.