सोनं खरं, दिनार खोटा

1,38,500 रुपये गेले. त्यातले 20,000 यूपीआयने, बाकी 1,18,500 रोख, कारण 'बिल केलं तर जीएसटी लागेल, साहेब'. आता कुणी शहाणपणा शिकवू नका. जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनांत असे व्यवहार सर्रास होतात आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे.

नाणं म्हणजे फातिमी घराण्यातल्या खलिफा अल-मुइज्झचा दिनार, सोन्याचं नाणं. टाकसाळ मिस्र, म्हणजे इजिप्तची, साल हिजरी 358. त्याचा सेनापती जौहर याने इजिप्त घेतला तेच हे इसवी सन 969 साल. खलिफा स्वतः अजून तिकडे ट्युनिशियातच होता, पण इजिप्तमध्ये नाणी त्याच्या नावाने पडू लागली होती. पहिल्या वर्षाचं असं नाणं समोर आलं की भलेभले पाघळतात. एकात एक वर्तुळांत कूफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी लिपीतला मजकूर, वजन 4.15 ग्रॅम, सगळं पुस्तकाबरहुकूम. सराफाच्या मशीनवरही चोख निघालं. निघणारच! मशीन धातू सांगतं, वय नाही. नकली नाणी करणारे हे लोक पितळ वापरत नाहीत, अस्सल सोन्यातच ओततात. तेव्हाच्या भावाने सोनं जेमतेम 25 हजारांचं होतं.

खरी जळफळ होते ती वेगळ्याच गोष्टीने. विकणाऱ्याने ट्रेमधून दोन दिनार काढले, 'आवडेल तो घ्या' म्हणाला. दोन्हींच्या काठावर, घड्याळात सात असतात त्या जागी, सारखाच टवका. मी पाहिला. त्यावरून बोटही फिरवलं. म्हटलं, एकाच ठशाने ठोकलेली असतील. ठसा एक असला की अक्षरं सारखी येतात, हे काही चूक नाही. पण काठाला बसलेला मार? तो ज्याचा त्याला वेगळा. दोन नाण्यांना सारखा टवका साच्यातूनच येतो. आणि त्याच वेळी हा शेजारून 'दुबईचं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय' हेच पुन्हा पुन्हा ऐकवत होता. विचार करायला उसंत देतो कोण?

पुढे एका जाणत्या संग्राहकांनी भिंग लावलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. अक्षरं वापरलेल्या साबणवडीसारखी, खोलगट जागी बुडबुड्यांचे बारीक खड्डे, काठावर कानशीचे ओरखडे. ठोकलेलं नव्हे, ओतलेलं नाणं असल्याच्या खुणा. लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटला भुलू नका, ते विकणाराच छापतो. 'खोटं निघालं तर परत घेईन' हे बिलावर लिहून देत नसेल तर उठा.

पोलीस ठाण्यात म्हणे, "सोनं खरंय ना? मग फसवणूक कसली?" यूपीआय आहे म्हणून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, वस्तू हातात मिळालीय, ठाण्यातच जा. ठाण्याने पुरातत्त्वचा अभिप्राय मागितला. तिथले साहेब म्हणाले, हे शंभर वर्षांचं नाहीच, म्हणजे पुरावस्तू नाही, आमच्या कायद्यात बसत नाही. मग तेवढंच लेखी द्या! तर म्हणे, बसतच नाही तर लेखी कसं देणार? परत ठाण्यात गेलो, तर मलाच सवाल, एवढी रोकड आणली कुठून? म्हणजे चोर प्रदर्शनात आणि चौकशी माझी.

त्या जोडीतला दुसरा दिनार अजून त्याच्याकडेच असणार. मिस्र 358, सातच्या जागी टवका. दिसला तर हात लावू नका.

अर्जाची पोच तेवढी मिळाली, तीही भांडून. तिच्यावर रक्कम लिहिली आहे: 20,000.