लसूण-कोळंबी पास्त्यासाठी गोठवलेली कोळंबी : चार पिशव्यांचे परीक्षण

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि पुण्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरात ताज्या कोळंबीचा भरवसा उरत नाही. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात त्या दिवसांतही कोळंबी दिसते. परंतु ती खाडीतली, तळ्यातली की बरेच दिवस बर्फात राहिलेली, हे ओळखायला जी नजर लागते ती माझ्या आईपाशी आहे, माझ्यापाशी नाही. आईचे माहेर वेंगुर्ल्याचे. तिने आयुष्यभर कोळंबी टोपलीतून निवडून घेतली, आणि फ्रीजरमधली पिशवी घरात आली तेव्हा तिने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली व बाजूला ठेवली. मला मात्र कामावरून साडेसातला परतल्यावर अर्ध्या तासात तिघांचे जेवण करायचे असते, आणि लसूण-कोळंबीचा पास्ता हा त्यासाठी मला सर्वांत जवळचा वाटणारा पदार्थ आहे. म्हणून जून आणि जुलै या दोन महिन्यांत गोठवलेल्या कोळंबीच्या चार वेगवेगळ्या पिशव्या आणून, तव्यापासून पास्त्यापर्यंत बाकी सर्व काही तेच ठेवून, हा एकच पदार्थ मी वारंवार केला. कंपन्यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण हे परीक्षण कंपनीचे नसून मालाच्या प्रकारांचे आहे.

या पदार्थात कोळंबीची परीक्षा इतकी कठोर का होते, ते आधी सांगायला हवे. इटलीत ‘स्कॅम्पी’ हे लहानशा लॉब्स्टरसारख्या एका प्राण्याचे नाव आहे. अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांनी त्याच पद्धतीने लसूण, लोणी आणि व्हाइट वाइनमध्ये कोळंबी शिजवली आणि नाव जुनेच ठेवले; माझा पास्ता त्याच धर्तीचा आहे. आपल्या कालवणात हळद, तिखट, कोकम आणि खोबरे कोळंबीला सांभाळून घेतात, तिचा थोडा शिळेपणाही पोटात घालतात. येथे तेल, लसूण, मिरची आणि लिंबू एवढेच असते. कोळंबीला वास असेल तर तो पहिल्या घासालाच कळतो, आणि ती चिवट असेल तर ते झाकायला रस्सा नसतो.

पहिली पिशवी कच्च्या, सोललेल्या आणि काळा दोरा काढलेल्या कोळंबीची होती. तिच्यावर ‘३१/४०’ असा आकडा होता. हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३१ ते ४० नग बसतात. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ या शब्दांना ठरलेला अर्थ नाही, म्हणून शब्दांपेक्षा या आकड्यावर विसंबावे असे माझे मत आहे. याच पिशवीवर ‘बर्फाचा थर वगळून निव्वळ वजन २५० ग्रॅम’ असे स्वच्छ छापलेले होते. सुट्या गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो, कारण त्याने मांस कोरडे पडत नाही. त्यात गैर काहीच नाही, फक्त त्या बर्फाचे पैसे आपण देतो आहोत की नाही हे कळायला हवे. कोळंबी वितळवून, निथळून मी वजन केले तेव्हा ते २४३ ग्रॅम भरले. घटकांच्या यादीत कोळंबी आणि मीठ एवढेच होते. किंमत ३४० रुपये.

दुसरी पिशवी त्याच दुकानात, त्याच कप्प्यात २४० रुपयांना होती, आणि तिच्यावरही २५० ग्रॅम असेच लिहिलेले होते. फक्त ते बर्फासह की बर्फ वगळून, याचा उल्लेख कुठेही नव्हता. निथळल्यावर तिचे १९६ ग्रॅम झाले. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आयएनएस ४५१ हा क्रमांक होता. हे फॉस्फेट असून ते कोळंबीच्या मांसात पाणी धरून ठेवते. त्याला परवानगी आहे आणि ते विष नाही, परंतु तव्यावर त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. कोळंबी टाकताच तिने इतके पाणी सोडले की परतण्याऐवजी ती त्या पाण्यात उकडू लागली, कडांना रंग आला नाही, आणि खाताना मांस रबरासारखे, किंचित साबणासारखे निसरडे लागले. शिजल्यानंतर मी दोन्हींचे वजन पुन्हा केले. पहिलीचे १८६ ग्रॅम भरले, दुसरीचे १२८. म्हणजे ताटात पडलेल्या प्रत्येक १०० ग्रॅमसाठी पहिलीचे सुमारे १८३ रुपये पडले आणि दुसरीचे सुमारे १८८. दुकानात स्वस्त दिसणारी पिशवी ताटापर्यंत पोहोचताना महाग झाली होती.

तिसरी पिशवी आधीच शिजवलेल्या, गुलाबी कोळंबीची होती. सॅलडमध्ये तिचा उपयोग होत असेल; पास्त्यात ती दुसऱ्यांदा गरम होते आणि चिवट होते. या कामासाठी ती घेऊ नये.

कच्ची पिशवी चांगली निघाली तरी ती बिघडवणे सोपे आहे, म्हणून ती वापरण्याची रीत परीक्षणाचाच भाग समजून लिहिते. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवणे उत्तम. ते राहून गेले तर बंद पिशवी गार पाण्यात वीस मिनिटे ठेवावी. नळाखाली उघडी धरू नये, कारण चव पाण्याबरोबर जाते. वितळल्यावर स्वच्छ कपड्याने टिपून पूर्ण कोरडी करावी. आपल्याकडे कोळंबीला हळद-मीठ लावून ठेवण्याची सवय आहे. येथे हळद न लावता चिमूटभर मीठ आणि पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा पंधरा मिनिटे लावून ठेवला, तर कोळंबी शिजल्यावर कुरकुरीत चावली जाते. सोड्यामुळे मांस थोडे अल्कधर्मी होते आणि पाणी कमी सोडते. फॉस्फेट लावलेल्या मालाला मात्र याची गरज नाही आणि त्याने तो सुधारतही नाही.

तिघांसाठी मी ३०० ग्रॅम स्पॅगेटी तीन लिटर पाण्यात उकळते. इटालियन घरांत १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असे साधे प्रमाण सांगतात. गोठवलेल्या कोळंबीत मीठ आधीच असते म्हणून मी तीन लिटरला २० ग्रॅमवरच थांबते. पसरट तवा चांगला तापवून, थोड्या तेलावर कोळंबी एकाच थरात, दाटी न करता ठेवावी. या आकाराच्या कोळंबीला प्रत्येक बाजूला एक मिनिट पुरते. ती इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळली की उतरवावी. पूर्ण गोल वळली म्हणजे उशीर झाला. कोळंबी बाजूला काढून, तवा जरा निवू देऊन त्याच तव्यात ऑलिव्ह तेल आणि पातळ कातरलेला लसूण मंद आचेवर ठेवावा. लसूण चिरताना किंवा ठेचताना त्यातल्या दोन घटकांचा संयोग होतो आणि तेव्हाच त्याचा तिखट वास तयार होतो, म्हणून ठेचलेला लसूण उग्र आणि कातरलेला सौम्य लागतो. मी दहा पाकळ्यांपैकी सात कातरून तेलात घालते आणि तीन ठेचून अगदी शेवटी घालते. एक गोडवा देतो, दुसरा ओळख देतो. फोडणीतला लसूण आपण तांबूस करतो, तसा येथे करू नये. फिकट सोनेरी होताच मिरचीचे तुकडे आणि पळीभर पास्त्याचे पाणी घालून त्याचे तळणे थांबवावे, कारण करपलेल्या लसणाचा कडवटपणा नंतर कशानेही जात नाही.

पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी स्पॅगेटी उचलून तव्यात घालावी आणि आणखी थोड्या पाण्यासह जोराने हलवत राहावे. पास्त्याच्या पाण्यातला स्टार्च तेल आणि पाणी यांना एकत्र बांधतो, आणि मिनिटभरात तेलकट तळ जाऊन प्रत्येक काडीवर दुधाळ लेप चढतो. लोण्याचा एक तुकडा, लिंबाचा रस, पार्सली, आणि सर्वांत शेवटी, आच बंद केल्यावर, कोळंबी. चीज घालू नये; इटलीत मासळीच्या पास्त्यावर ते सहसा घालत नाहीत, आणि घालून पाहिल्यावर त्याचे कारण मला पटले, कारण चीजखाली कोळंबीचा गोडवा दिसेनासा होतो.

पास्त्याविषयी थोडक्यात एवढेच की घटकांत ड्युरम गव्हाचा रवा असावा, मैदा नसावा. हा गहू आपल्याला परका नाही; शेवयांसाठी आणि रव्यासाठी आपल्याकडे घेतला जाणारा बन्सी गहू ड्युरमच आहे. काड्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत नसून खरखरीत, पिठूळ दिसत असेल तर पास्ता पितळेसारख्या धातूच्या साच्यातून काढलेला असण्याची शक्यता असते, आणि त्यावर लेप चांगला धरतो.

आता पहिल्या पिशवीची उणीव. दुकानात मिळणारी अशी कोळंबी बहुतेक वेळा वनामी जातीची असते. ही जात मूळची लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशातल्या तलावांतून ती आता देशभर जाते. तिचा आकार सारखा असतो, ती स्वच्छ असते, आणि काढल्यावर लवकर गोठवलेली असेल तर वासाला बाजारातल्या शिळ्या कोळंबीपेक्षा कितीतरी चांगली असते. परंतु चव सौम्य असते. आईने पहिला घास खाल्ल्यावर शांतपणे सांगितले, “वास नाही, हे बरं आहे, पण समुद्र पण नाही.” मला ते मान्य करावे लागले. यातला काही भाग जातीचा आहे, आणि बराचसा सोलण्याचा, कारण कोळंबीचा खरा अर्क टरफलात आणि डोक्यात असतो.

चौथी पिशवी त्यासाठीच आणली होती : डोके काढलेली, टरफलासह गोठवलेली कोळंबी. पास्त्याचे पाणी उकळायला लागतात तेवढ्या दहा-बारा मिनिटांत मी ती सोलली, टरफले तेलात तांबडी होईपर्यंत परतली, वाटीभर पाणी घालून पाच मिनिटे उकळली आणि गाळून ते पाणी लसणावर ओतले. त्या रात्री आईने पुन्हा वाढून घेतले. रोजच्या घाईसाठी मी पहिली पिशवी घेईन. दहा मिनिटे हाताशी असतील त्या दिवशी चौथी, आणि दोघींमध्ये चवीचा निवाडा चौथीच्या बाजूने आहे.

घरपोच मागवण्याबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. एकदा मागवलेल्या पिशवीतल्या सर्व कोळंब्या एकमेकींना चिकटून त्यांचा दगडासारखा गोळा झाला होता आणि तळाशी बर्फाची लादी साचली होती. सुटी गोठवलेली कोळंबी पिशवी हलवताच खडखडली पाहिजे. ती खडखडत नसेल तर वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठली आहे असे समजून ती परत करावी. मी ती परत केली आणि पैसे मिळाले, पण त्या रात्री जेवणात पिठलं-भात झाला. तेव्हापासून मी दुकानात जाऊन, फ्रीजरच्या आतल्या बाजूची पिशवी कानाशी हलवून घेते.

बंदी उठल्यानंतर ऑगस्टमध्ये आई स्वतः बाजारात आली. तिने समुद्रातली कोळंबी निवडली, अर्धा किलो. सोलल्यावर २४० ग्रॅम उरली आणि सोलायला, दोरा काढायला मला पस्तीस मिनिटे लागली. डोकी आणि टरफले दोन्ही उकळून केलेला तो पास्ता नारिंगी झाला होता, आणि त्याला आईने सांगितलेला समुद्र होता. जेवायला साडेनऊ वाजले. दुसऱ्या दिवशी कामाचा वार होता, आणि फ्रीजरमध्ये टरफलासह गोठवलेली एक पिशवी आईने स्वतःच उचलून ठेवली होती.