ॲक्शन थ्रिलर बघायचाय: सिनेमा घ्यावा की सिरीज?

आधी निकाल, मग कारणं. मारामारी आणि पाठलाग बघायचे असतील तर सिनेमा घ्या. आपल्यातला फितूर कोण, तो सापडणार कधी, ही धाकधूक हवी असेल तर सहा ते आठ भागांची सिरीज घ्या. त्याहून लांबलेली सिरीज कितीही गाजलेली असो, जरा संशयानेच बघावी.

फरक मुळात वेळेचा आणि पैशाचा आहे. सिनेमावाले एका पाठलागावर आठवडेच्या आठवडे घालवू शकतात. सिरीजवाल्यांना तोच पैसा सहा-सात तासांवर पसरावा लागतो. म्हणून बहुतेक सिरीजमध्ये मोठी ॲक्शन पहिल्या भागात आणि शेवटच्या दोन भागांत येते. मधल्या भागांत माणसं ऑफिसात उभी राहून स्क्रीनकडे बघत एकमेकांना माहिती पुरवतात. 'ट्वेंटी फोर'ने (2001) यावर तोडगा काढला होता: एक सीझन म्हणजे एक दिवस, एक भाग म्हणजे एक तास आणि पडद्यावर पळतं घड्याळ. तरीही 24 भाग भरायचे म्हटल्यावर घरच्या माणसांचं अपहरण आणि सुटका यांची पुनरावृत्ती होतेच. जाहिराती वगळून हा ऐवज जवळपास 17 तासांचा आहे, हे सुरू करण्याआधी लक्षात घ्या.

ॲक्शन चांगली की नुसती गोंगाटाची, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: कोण कुठे उभा आहे ते कळतंय का? 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (2015) हा दोन तासांचा जवळजवळ अखंड पाठलाग आहे, कट भराभर पडतात, पण डोकं गरगरत नाही. महत्त्वाची गोष्ट प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध ठेवलेली आहे, त्यामुळे कट झाला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. संकलनाचं ऑस्कर त्याला उगाच नाही मिळालं. 'जॉन विक'ची (2014) तऱ्हा वेगळी: कॅमेरा मागे, शॉट लांब, नटाचं अख्खं अंग चौकटीत. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमन होता, ते दिसतं. याउलट 'बोर्न अल्टिमेटम'मधला (2007) हलता कॅमेरा थिएटरात अंगावर येतो, पण फोनच्या सहा इंची पडद्यावर नुसते हात आणि कोपरं दिसतात. फोनवर बघणार असाल तर 'जॉन विक'च्या जातीचे सिनेमे निवडा.

सिरीजमध्ये अशी ॲक्शन अजिबात नसते असं नाही. 'द फॅमिली मॅन'च्या पहिल्या सीझनमधला इस्पितळातला लांबलचक गोळीबार सिनेमाच्या तोडीचा आहे. पण दहा भागांत असे प्रसंग मोजकेच. तिथली खरी गंमत नायक, गुप्तहेर श्रीकांत तिवारी, घरी जे खोटं बोलतो त्यात आहे, आणि त्यासाठी दहा भागांचा पसारा सार्थकी लागतो. हा अपवाद.

आता किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाची एक खोड. 1993 च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला खरोखरच स्फोटकं उतरली, तेव्हापासून समुद्रातून माल उतरवण्याचा प्रसंग हिंदी थ्रिलरला भलताच प्रिय झाला आहे. पण पडद्यावरची होडी कुठल्याही वेळी थेट काठाला लागते. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि ओहोटीला कित्येक खाड्यांच्या तोंडाशी वाळू वर येते, हे लेखकाच्या गावीही नसतं. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तरी धो धो पावसात ट्रॉलरचा ताफा हमखास दिसतो. सिनेमात असल्या चुका चालून जातात, कारण विचार करायला सवड मिळत नाही. सिरीजमध्ये पुढचा भाग लागेपर्यंत घरातलं कोणीतरी ती चूक काढतंच, आणि मग सगळ्या कटकारस्थानावरचाच विश्वास उडतो. सिरीजची पटकथा जास्त घट्ट लागते ती यासाठी.

पावसाळ्यात बघायचं तर हिशेब आणखी बदलतो. नेटफ्लिक्सचं स्वतःचं गणित असं: साध्या दर्जाला तासाला 1 जीबीपर्यंत, एचडीला 3 जीबीपर्यंत. रोजचा दीड जीबी मिळणाऱ्याने दोन तासांचा सिनेमा एचडीत बघितला तर चार दिवसांचा डेटा एका रात्रीत जाऊ शकतो. आठ भागांची सिरीज साध्या दर्जात पाच-सहा दिवस पुरते, रोज एक-दीड भाग. मात्र अंधारातले आणि वेगवान प्रसंग साध्या दर्जात चौकोन-चौकोन होऊन फुटतात, कारण चित्र भराभर बदलत असताना ते साठवायला डेटा कमी पडतो. म्हणून ॲक्शन सिनेमा एचडीत आणि बोलण्यावर चालणारी सिरीज साध्यात, ही वाटणी शहाणपणाची.

लाईटचं म्हणाल, तर इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी नवी असेल तर 43 इंची टीव्ही, राऊटर, एक पंखा आणि दोन दिवे यांना पाचेक तास ओढते. तीन-चार वर्षं जुनी असेल तर निम्म्याचाच भरवसा धरा, म्हणजे एक सिनेमा जेमतेम होईल. पण इन्व्हर्टर असूनही केबलवाल्याच्या पेटीतली लाईट गेली की नेट जातंच. दुपारीच फोनवर किंवा टॅबवर डाऊनलोड करून ठेवा. टीव्हीवरच्या ॲपमध्ये ती सोय सहसा नसते. काही डाऊनलोड एकदा सुरू केले की 48 तासांत संपवावे लागतात. सिरीजचा प्रत्येक भाग वेगळा उतरवलेला असल्यामुळे तिथे हा जाच कमी. तुतारी एक्सप्रेसने दादरहून सावंतवाडीला रात्रभर जाणाऱ्यांनाही हेच लागू: रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यात नेटवर्कची आशा नको.

आवाज ही सगळ्यात दुर्लक्षित बाब. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच स्फोटाला झोपलेले आजी-आजोबा उठून बसतात. सिनेमाचा आवाज पाच-सहा स्पीकरांसाठी बसवलेला असतो, टीव्हीला असतात दोन. ॲपमध्ये भाषा निवडताना 5.1 न लिहिलेला पर्याय घ्या, टीव्हीच्या सेटिंगमध्ये रात्रीचा मोड सुरू करा आणि सबटायटल लावा. चित्र तुळतुळीत करणारी मोशन स्मूदिंगची सोयही बंद करा. तिच्यामुळे मारामारी दैनंदिन मालिकेसारखी दिसू लागते. सिरीजमध्ये बोलणं जास्त, म्हणून पावसाच्या आवाजाचा फटका तिलाच जास्त बसतो.

मुलं आणि वडीलधारी एकत्र बसणार असतील तर 'स्पीड' (1994): 116 मिनिटं, एक बस आणि कळायला सोपी अट, वेग कमी झाला की स्फोट. 'किल' (2024) फक्त 105 मिनिटांचा आहे आणि ट्रेनमधली मारामारी अव्वल, पण प्रमाणपत्र 'ए' आहे आणि ते सार्थ आहे. मुलं झोपल्यावरच लावा.

सिरीज घेणार असाल तर सीझन आपल्यापुरता मिटतो का, हे आधी विचारून घ्या. 'रीचर'चा एक सीझन म्हणजे आठ भागांत एक पूर्ण गोष्ट, 'स्लो हॉर्सेस'चा सहा भागांत. 'सेक्रेड गेम्स'चे मात्र दोन सीझन मिळून 16 भाग बघितल्यावरही बॉम्बचं काय झालं ते स्पष्ट होत नाही. दुसरा सीझन 2019 ला आला, तिसरा आलाच नाही.