थिंकपॅड एक्स220 आणि एक्स230 मध्ये दुसरी डिस्क: पोटात की डॉकमध्ये?

एक्स220 (2011) आणि एक्स230 (2012) हे साडेबारा इंची थिंकपॅड लॅपटॉप सेकंडहँड बाजारात अजून मिळतात. सोबत बऱ्याचदा अल्ट्राबेस नावाचा डॉकही (लॅपटॉप ज्यावर बसवतात तो तळ) मिळतो. मूळ हार्ड डिस्क भरली की दुसरी लावायची कुठे, असा प्रश्न येतो. डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी (डिस्क बसवलेला ट्रे) सरकवण्याची नेहमीची युक्ती इथे लॅपटॉपवर चालत नाही, कारण या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही. ती ड्राइव्ह असते डॉकमध्ये. त्यामुळे पर्याय तीन उरतात: पाम रेस्टखालच्या (कीबोर्डपुढे तळहात टेकतो त्या भागाखालच्या) स्लॉटमध्ये एमसाटा, म्हणजे छोट्या कार्डाच्या रूपातली एसएसडी, अल्ट्राबेसच्या खणात ट्रेवर बसवलेली अडीच इंची डिस्क, नाहीतर यूएसबीला लावलेली डिस्क.

निवड करताना बहुतेक जण आधी वेगाचे आकडे पाहतात. त्याआधी एक गोष्ट ठरवा: लॅपटॉप उचलून बाहेर पडलात की ती डिस्क सोबत लागणार आहे का? लागणार असेल तर डॉकचा पर्याय कितीही स्वस्त पडला तरी बाद. लागणार नसेल तर लॅपटॉप खोलायची गरजच नाही.

आता वेग. मुख्य डिस्कचा खण साटा (डिस्क जोडण्याची पद्धत) 6 गिगाबिटचा आहे, एमसाटा स्लॉट 3 गिगाबिटचा. चांगली एसएसडी मुख्य खणात सेकंदाला 500 ते 550 एमबी वाचते, एमसाटात 260 ते 280. कागदावर हा फरक दुप्पट आहे, पण विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना डिस्क छोटे छोटे तुकडे इकडून तिकडून वाचते, आणि त्या कामात ही मर्यादा गाठलीच जात नाही. फरक जाणवतो तो मोठ्या फाइली हलवताना. फिरती हार्ड डिस्क लावणार असाल तर हा हिशेब सोडूनच द्या. अडीच इंची हार्ड डिस्क मुळात सेकंदाला शंभरेक एमबी देते, तिला 3 गिगाबिटही रग्गड.

यूएसबीचं मात्र वेगळं. एक्स220 च्या आय7 मॉडेललाच यूएसबी 3.0 चं एक पोर्ट आहे, बाकी सगळी 2.0. 2.0 मधून प्रत्यक्षात सेकंदाला 35 ते 40 एमबी जातात, म्हणजे 100 जीबी हलवायला पाऊण तास. एक्स230 च्या डाव्या बाजूची दोन पोर्ट 3.0 ची आहेत, त्यामुळे बॅकअपची डिस्क तिथे खुशाल लावा. एक्स220 वर यूएसबी फक्त बॅकअपपुरती ठेवावी, रोजचं काम त्यावर करू नये.

एमसाटा बसवताना

एमसाटा कार्ड साधारण 51 बाय 30 मिलिमीटरचं असतं आणि मिनी पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डासारखंच दिसतं. हल्लीची एम.2 एसएसडी इथे बसत नाही, ऑर्डर देताना एवढं बघा. क्षमता साधारणपणे 1 टीबीपर्यंत मिळते. ज्या स्लॉटमध्ये ती जाते तो मुळात मोबाइल डेटाच्या कार्डासाठी आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये ते कार्ड असेल तर ते काढावं लागतं, आणि सिम टाकून इंटरनेट वापरत असाल तर हा पर्याय तिथेच संपतो. कार्ड काढल्यावर मोकळ्या पडणाऱ्या अँटेनाच्या बारीक वायरींच्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर धातूचं टोक बोर्डावर टेकण्याची भीती राहते. या लॅपटॉपचा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्राम) अनोळखी वायफाय कार्ड दिसलं की 1802 ही चूक दाखवून अडून बसतो, पण एसएसडीला तो नियम लागू नाही.

काम अर्ध्या तासाचं. चार्जर आणि मागची बॅटरी काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. खालच्या बाजूला कीबोर्ड आणि पाम रेस्टच्या स्क्रूंजवळ छोटी चिन्हं कोरलेली आहेत, तेवढेच स्क्रू काढा. कीबोर्ड आधी स्क्रीनच्या दिशेने सरकवायचा आणि मग पुढची कड उचलायची. थेट वर खेचला तर कडेचे हुक तुटतात. खालची केबल सोडवल्याशिवाय कीबोर्ड लांब नेऊ नका. मग पाम रेस्ट. त्याचीही चपटी केबल आहे आणि नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त तीच फाटते.

अल्ट्राबेसचा ट्रे

इथे स्क्रू ड्रायव्हर लागतो तो डिस्क ट्रेला बसवण्यापुरता. ट्रे घेताना मात्र मोजपट्टी हवी. डीव्हीडी ड्राइव्हची जाडी 9.5 किंवा 12.7 मिलिमीटर असते, आणि ट्रे त्याच जाडीचा लागतो. डॉकमधली ड्राइव्ह बाहेर काढा, मोजा, मग दुकानात जा. ‘थिंकपॅडला चालतो’ एवढ्या आश्वासनावर घेतलेला ट्रे हमखास सैल बसतो, आणि कनेक्टर अर्धवट टेकला की डिस्क चालता चालता गायब होते. मग लोक डिस्कला दोष देतात.

डॉकचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. लॅपटॉपच्या मुख्य खणात 7 मिलिमीटर जाडीचीच डिस्क जाते. जुन्या लॅपटॉपमधून निघालेल्या 9.5 मिलिमीटरच्या डिस्का तिथे बसत नाहीत, ट्रेमध्ये बसतात. घरात अशी डिस्क पडून असेल तर खर्च ट्रेपुरताच.

तोटा आहे तो उचलण्याचा. लिहिणं चालू असताना लॅपटॉप डॉकवरून काढला तर फाइली बिघडतात. त्याहून फसवं म्हणजे स्लीपमध्ये असताना उचलणं: झाकण उघडल्यावर विंडोजला डिस्क जागेवरच आहे असं वाटत असतं आणि मिनिटभर सगळं गोठतं. आधी टास्कबारवरून डिस्क बाहेर काढण्याची सूचना द्या, मगच खटका ओढा. डॉकच्या डिस्कवर प्रोग्राम, पेज फाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती) किंवा क्लाउडशी जोडलेला फोल्डर ठेवू नका. विशेषतः तो फोल्डर. डिस्क नसताना सिंक करणारा प्रोग्राम चुका दाखवत बसतो, नाहीतर दुसऱ्याच जागी नवा फोल्डर बनवतो. जुने फोटो, चित्रीकरणं, इन्स्टॉलर अशा गोष्टींसाठी ही जागा योग्य.

सिस्टिम कुठल्या डिस्कवर?

मुख्य खणात हार्ड डिस्क असेल आणि ती ठेवायचीच असेल, तर 250 जीबीची एमसाटा घेऊन विंडोज तिच्यावर टाका. दोन्ही डिस्का नव्याने घेणार असाल तर उलट करा: मोठी एसएसडी मुख्य खणात, सिस्टिमही तिच्यावरच, एमसाटा जादा जागेसाठी. पैसे एकाच डिस्कपुरते असतील तर दुसरी लावूच नका. मुख्य खणात 1 टीबीची एसएसडी टाकली की बहुतेकांचा प्रश्न मिटतो.

विंडोज टाकताना दुसरी डिस्क काढून ठेवा, डॉकवर तर ती असूच नये. इन्स्टॉलर कधी कधी बूटचा भाग दुसऱ्याच डिस्कवर लिहितो. तो डॉकच्या डिस्कवर गेला तर घरी लॅपटॉप व्यवस्थित चालतो आणि ऑफिसात सुरूच होत नाही. नंतर दोन्ही डिस्का लावून एफ1 दाबून बायोसमध्ये बूटचा क्रम तपासा. तिथे साटाचा मोड एएचसीआय असतो, तो बदलू नका. बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं.

नवी डिस्क ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही म्हणून ती परत करायला धावू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडून तिला इनिशियलाइज करा, मग पार्टिशन बनवा. तेव्हा पार्टिशनच्या नोंदीची पद्धत विचारली जाते: 2 टीबीहून मोठी असेल तर जीपीटीच निवडा, एमबीआरमध्ये पुढची जागा वापरता येत नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) नव्या डिस्कवर करून जुनी पुन्हा जोडली तर दोघींची ओळख सारखीच असते, म्हणून विंडोज ती ऑफलाइन ठेवतं. राइट क्लिक करून ऑनलाइन करता येते. डॉकच्या डिस्कला एम किंवा आर असं मागचं अक्षर द्या, म्हणजे मध्येच पेनड्राइव्ह लावली तरी शॉर्टकट तुटत नाहीत.

एक्स240 घेण्याचा विचार असेल तर यातलं बरंचसं बदलतं. तिथे एमसाटा नाही, एम.2 चा 2242 मापाचा स्लॉट आहे, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 42 लांब कार्ड लागतं, तेही साटाचं. नेहमीचं 80 मिलिमीटरचं तिथे मावत नाही. आणि त्याच्या अल्ट्राडॉकला डिस्कचा खणच नाही.