रीडएल्फ, ऑब्जडंप की ड्वार्फडंप? बायनरीतली डीबग माहिती बघायला काय घ्यायचं

आधीच सांगून टाकतो, एकच जास्तीचं टूल टाकायचं असेल तर एलएलव्हीएम या कंपाइलर प्रोजेक्टचं ड्वार्फडंप टाका आणि कामाला लागा. पण रीडएल्फ आणि ऑब्जडंप बऱ्याच जणांच्या मशीनवर आधीपासूनच पडलेले असतात, बिनयुटिल्स नावाच्या टूल्सच्या पॅकेजबरोबर आलेले, त्यामुळे खरा प्रश्न असा की घरचं सोडून बाहेरचं कधी आणायचं. मी एम्बेडेड लिनक्सवर सी आणि सी प्लस प्लस करतो, तेव्हा खालचं सगळं एल्फ फाइल (लिनक्सवरच्या बायनरीचा फॉरमॅट) आणि तिच्यातल्या ड्वार्फ माहितीबद्दल (कुठला पत्ता म्हणजे सोर्सची कुठली ओळ, कुठलं व्हेरिएबल कुठल्या टाइपचं, हे सांगणारी डीबग माहिती) आहे. (एल्फ म्हटल्यावर जोडीला ड्वार्फ, नाव ठेवणाऱ्यांचा जुना विनोद.) विंडोजवाल्यांची माहिती वेगळ्या पीडीबी फाइलीत असते, त्यांनी हे वाचून फार उपयोग नाही.

टूल निवडायच्या आधी माहिती आत आहे का ते तरी बघा. नुसती फाइल कमांड मारली की शेवटी "विथ डीबग इन्फो, नॉट स्ट्रिप्ड" असं येतं. यातलं "नॉट स्ट्रिप्ड" बघून लोक खुश होतात आणि तिथंच फसतात, कारण त्याचा अर्थ फक्त सिंबल टेबल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं आणि पत्ते) शाबूत आहे एवढाच. "विथ डीबग इन्फो" हे शब्द वेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर कंपाइल करताना डॅश जी द्यायचं राहिलंय आणि मग कुठलंही टूल आणा, शून्य.

आता रीडएल्फ. डॅश डब्ल्यू आय दिलं की डीबग इन्फो सेक्शन सगळा ओततो, आणि हो, सगळा म्हणजे सगळा. छोट्या प्रोग्रामला ठीक आहे पण मी एकदा आमच्या मोठ्या सी प्लस प्लस बायनरीवर चालवून आउटपुट फाइलीत टाकलं आणि चहा घेऊन आलो तर ते चालूच, कारण एक साधं स्ट्रिंग वापरलं तरी लायब्ररीचे शेकडो टाइप मागोमाग येतात. मग त्या ढिगाऱ्यात ग्रेप मारायचा, फंक्शनचं नाव सापडतं पण पॅरामीटरचा टाइप म्हणजे नुसता ऑफसेट (ती नोंद कुठे आहे त्या जागेचा आकडा), तो परत शोधायचा, तिथे पॉइंटर निघतो, त्याचा अजून एक ऑफसेट. जुन्या व्हर्जनमध्ये तर ही पायपीट ठरलेलीच. पण सेक्शन कुठले आहेत, किती मोठे आहेत, बिल्ड आयडी (त्या बिल्डची ओळख पटवणारा आकडा) काय, कंपाइलर कुठला आणि कुठल्या फ्लॅग्सनी चालवला (जीसीसी हे प्रोड्यूसर नावाच्या ओळीत लिहून ठेवतं) असल्या झटपट चौकशीला रीडएल्फसारखं काही नाही.

ऑब्जडंप तीच ड्वार्फ माहिती जवळपास त्याच रूपात दाखवतो, तेव्हा नुसत्या त्यासाठी तो घेण्यात अर्थ नाही. त्याची खरी ताकद म्हणजे कॅपिटल एस, असेंब्लीच्या मधेमधे तुमच्या सोर्सच्या ओळी लावून देतो. सोर्स त्याच पाथवर सापडला पाहिजे मात्र. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर ओळी अशा उलट्यासुलट्या येतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला टूलच बिघडलंय असं वाटतं, पण बिघडलेलं नसतं, कंपाइलरने खरंच तसं हलवलेलं असतं. आणि एक गंमत, रीडएल्फमध्ये छोटा डब्ल्यू म्हणजे ड्वार्फ आणि कॅपिटल डब्ल्यू म्हणजे रुंद ओळी, ऑब्जडंपमध्ये नेमकं उलटं. एकाच पॅकेजमधली दोन टूल्स! इतकी वर्षं झाली तरी मी अजून चुकतो.

एलएलव्हीएम ड्वार्फडंपकडे मी वळलो ते एका कारणासाठी, त्याला प्रश्न विचारता येतो. डॅश डॅश नेम देऊन फंक्शनचं नाव दिलं की तेवढीच नोंद येते, डॅश सी जोडलं की तिच्या पोटातले पॅरामीटर आणि लोकल व्हेरिएबल, डॅश पी जोडलं की ती कुठल्या फाइलीत, कुठल्या क्लासमध्ये बसलीय ते. डॅश सी विसरलात तर पॅरामीटर दिसत नाहीत आणि माणूस उगाच कंपाइलरला शिव्या घालतो. टाइपच्या ऑफसेटशेजारी अवतरणात नाव लिहिलेलं असतं, म्हणजे वर सांगितलेली पायपीट संपली. डॅश डॅश लुकअपला पत्ता दिला की फंक्शन, ब्लॉक, फाइल, ओळ सगळं एका दमात. शिवाय डॅश डॅश व्हेरिफाय आहे, माहितीत गडबड असेल तर एरर देऊन बाहेर पडतं, बिल्ड सर्व्हरवर लावून ठेवायला बरं. मॅकवर तर दुसरा पर्यायच धरू नका, तिथल्या फाइली मॅक-ओ, रीडएल्फ त्या वाचत नाही, आणि डीबग माहितीही डीसिम नावाच्या वेगळ्या बंडलमध्ये गोळा केलेली असते, हे टूल ती सरळ उघडतं. खोट काढायची तर उबुंटूवर बऱ्याचदा नावामागे व्हर्जनचा आकडा लागतो, आणि कोणाच्या लॉक केलेल्या सर्व्हरवर एलएलव्हीएम टाकायला परवानगी मिळेलच असं नाही.

नुसतं ड्वार्फडंप नावाचं अजून एक आहे, लिबड्वार्फवालं, ते वेगळं, फ्लॅग्सही वेगळे, नेटवरून कमांड कॉपी करताना कुठल्याची आहे ते बघून घ्या. तुम्ही स्वतः कंपाइलर किंवा डीबगर लिहीत नसाल तर त्याच्या वाटेला जायची गरज नाही.

जुनं टूल आणि नवा कंपाइलर हे लग्न मात्र लावू नका. ड्वार्फ ५ आलं २०१७ मध्ये, जीसीसी ११ पासून तेच डिफॉल्ट झालं, आणि जुनं बिनयुटिल्स असलेल्या मशीनवर अशी फाइल उघडली की वॉर्निंगचा पाऊस पडतो. टूल अपडेट करता येत नसेल तर कंपाइल करताना ड्वार्फ ४ मागून घ्या, बस.

ज्यांना फक्त स्ट्रक्ट बघायचेत त्यांनी वरचं सगळं सोडून पाहोल घ्यावं. ड्वार्व्ह्ज नावाच्या पॅकेजमध्ये येतं, नाव "पोक अ होल" वरून, आपल्याला आपलं "पाहाल" ऐकू येतं आणि तेही चालतं. समजा स्ट्रक्टमध्ये एक कॅर, मग लाँग, मग परत कॅर. ६४ बिट लिनक्सवर मोजायला गेलं तर खरा माल १० बाइट, पण पाहोल दाखवतं साइज २४, पहिल्या कॅरनंतर ७ बाइटचं भोक आणि शेवटी ७ बाइट पॅडिंग, वर "ट्राय टू पॅक" असा सल्लाही. लाँग वर नेलं, दोन्ही कॅर खाली, साइज १६. असे लाखभर स्ट्रक्ट मेमरीत असतील तर ८ लाख बाइट वाचले. हेच रीडएल्फमध्ये ऑफसेट वाचून हाताने काढता येतं, पण कशाला?

आणि क्रॅशचा एकच पत्ता हातात असेल तर ॲडर२लाइन पुरतं, ते पत्त्यावरून फाइल आणि ओळ सांगतं. डॅश आय द्या, नाहीतर इनलाइन झालेल्या (बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळलेल्या) फंक्शनची फक्त आतली ओळ मिळते आणि ते कोणी बोलावलं ते कळत नाही. पाय (पीआयई) असलेल्या, दरवेळी वेगळ्या पत्त्यावर लोड होऊ शकणाऱ्या बायनरीला, म्हणजे हल्ली बहुतेक सगळ्याच, चालू प्रोसेसचा पत्ता तसाच देऊन उपयोग नाही, लोड झालेला बेस वजा करावा लागतो, नाहीतर दोन प्रश्नचिन्हं हातात.

प्रश्नचिन्हं परवडली, असं मी एका प्रसंगानंतर म्हणायला लागलो. फील्डवरच्या डिव्हाइसमधून पत्ता आला, मी माझ्याकडच्या अनस्ट्रिप्ड फाइलीवर टाकला, छान फाइल, छान ओळ आली, दीड दिवस त्या ओळीत बग शोधला. ओळ निर्दोष होती. डिव्हाइसवर आदल्या आठवड्याचा बिल्ड होता, पत्ते सरकलेले, आणि टूलला काय, जी फाइल द्याल तिच्यातून बिनधास्त उत्तर देणार. स्ट्रिप केलं तरी बिल्ड आयडी फाइलीत राहतो, म्हणून आता दोन्हीकडे रीडएल्फ डॅश एन मारून ते आकडे जुळवतो, मगच पत्ता टाकतो.